लागलेली जाळी

दाराशी कुणीही आलं की आमचे केमिस्टसाहेब मागं वळून न बघता उजवा पंजा वर करायचे आणि म्हणायचे, “थांबा. लागलंय.”

कुणीही म्हणजे अगदी कुणीही. मालक आले तरी पंजा, अबकारीचा इन्स्पेक्टर आला तरी पंजा, शेजारच्या विणकराची शेळी आली तरी पंजा. शेळी तेवढी थांबायची नाही. बाकी सगळे उंबऱ्यावर मुकाट उभे राहायचे. मी साहेबांची पाठ जितकी पाहिली, तितकं त्यांचं तोंड पाहिलेलं नाही.

लढाईचे दिवस होते. विलायतेचा माल यायचा बंद झाला होता आणि कॅम्पातल्या मिलिटरीच्या दवाखान्याला जंतू मारायचं फॉर्मलिन मिळेना झालं होतं. आमचे मालक आप्पा हे शहापूरचे साड्यांचे व्यापारी. फॉर्मलिन पितात की अंगाला लावतात हे त्यांना ठाऊक नव्हतं; कॅम्पात ते हवं आहे, एवढं ठाऊक होतं. व्यापाऱ्याला तेवढं पुरतं. वडगावच्या बाहेर त्यांची एक पत्र्याची शेड होती. तिथले हातमाग काढले, पुण्याला शिकलेला एक बी.एस्सी. माणूस आणला, आणि झाला कारखाना.

बोलायला मला ठेवलं. हसू नका, तेच माझं काम होतं. मालधक्क्यावरच्या बाबूशी कानडीत, अबकारीवाल्याशी हिंदीत, कॅम्पातल्या कारकुनाशी मोडक्या इंग्रजीत आणि विणकरांशी आपल्या भाषेत बोलून माल आणायचा आणि पोचवायचा. साहेब बोलत नसत, त्यांच्या वाट्याचंही मीच बोलायचो.

फॉर्मलिनचा वास नाकापेक्षा डोळ्यांत जास्त जातो. आमच्या शेडमध्ये शिरलेला माणूस रडतच बाहेर यायचा. आप्पांच्या मातोश्री पूजेला आल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. आईला लेकाचं एवढं कौतुक वाटतंय हे बघून आप्पाही गहिवरले. त्यांना खरं सांगायचं कुणाच्या जिवावर आलं नाही.

कारखान्याचा सगळा जीव एका जाळीत होता. तांब्याचा एक उभा नळा, त्याच्या पोटात वीतभर चांदीची जाळी. लाकडाच्या स्पिरिटची वाफ आणि हवा एकत्र होऊन त्या जाळीतून जायची, आणि पलीकडं पाण्यात उतरली की झालं फॉर्मलिन. विलायती जाळी मिळेना, म्हणून साहेबांनी ती वडगावातच विणून घ्यायची ठरवली. जरीच्या काठांत हयात गेलेला एक म्हातारा विणकर होता. त्यानं चांदीची तार बोटांवर फिरवून बघितली आणि विचारलं, “काठ कंचा घालू?”

साहेबांनी थोडा विचार करून सांगितलं, “काठ नको.”

म्हातारा हिरमुसला. बिनकाठाचं त्यानं जन्मात काही विणलं नव्हतं. शेवटी न राहवून त्यानं एका बाजूला बारीक रुईफुलाचा काठ घातलाच. साहेबांनी तो निरखून बघितला आणि जाळी तशीच नळ्यात बसवली. मिलिटरीला आमचं फॉर्मलिन मिळायचं ते असं काठपदरातून.

ही जाळी आपण होऊन लागायची नाही, म्हणजे पेटायची नाही. आधी फुरफुरणाऱ्या दिव्यानं नळा बाहेरून तापवायचा, हवेची चावी बरीच पुढं न्यायची आणि अभ्रकाच्या खिडकीतून बघत बसायचं. जाळी काळी. काळी. अजून काळीच. मग एकाएकी एका कोपऱ्यातून लाली सुटायची आणि बघता बघता सगळी जाळी पिकल्या तोंडल्यासारखी लाल! त्याच वेळी नेमकं कुणीतरी दाराशी यायचं, आणि पंजा वर व्हायचा. त्यानंतर दिवा काढून घेतला तरी चालायचं. जाळीच्या अंगावर जे काम चाललेलं असायचं, त्याच्याच उबेवर ती दिवसच्या दिवस लाल राहायची.

आता इथं साहेबांचं दुसरं वेड सुरू व्हायचं. हवा जितकी कमी, तितका माल चोख पडतो, असं त्यांचं म्हणणं. जाळी लागली की ते चावी मागं घ्यायला लागायचे. “केसभर कमी करू,” म्हणायचे. जाळी लालच. “अजून केसभर.” लालच. पहिल्यांदा जाळी लागली ती चावीची जागा कधीच मागं पडलेली असायची, तरी बाईसाहेब आपल्या लालच. असं करता करता एखादा केसभर असा यायचा की जाळी फट् म्हणता काळी! मग तो केसभर परत द्या, दोन द्या, चार द्या, ती ढिम्म. पुन्हा दिवा आणा, पुन्हा चावी पार पुढं न्या, पुन्हा पहिल्यापासून आळवणी.

आप्पांना हे काही केल्या पटायचं नाही. जाळी एकदा छान लाल असताना त्यांनी चावीपाशी रंगानं एक खूण करून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी विझलेल्या जाळीला त्या खुणेवर आणून बघितलं. काही नाही.

“मास्तर, काल ह्याच खुणेवर लाल हुती न्हवं?” साहेबांना ते मास्तर म्हणायचे.

“होती.”

“आज ह्याच खुणेवर काळी हाय.”

“आहे.”

“मशीन त्येच, स्पिरिट त्येच, खूण तीच. मग?”

“काल आपण वरून खाली आलो होतो, आप्पा. आज खालून वर चाललोय.”

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. बोलायचा पगार मी घेत होतो, तेव्हा बोलणं भाग होतं. मी म्हटलं, “घाटागत असंल, आप्पा. उतरताना येगळं, चढताना येगळं.” आप्पांनी मान डोलावली, खुणेला हळदकुंकू लावलं आणि नारळ फोडला. जाळी त्यानंही लागली नाही. खोबरं मात्र सगळ्यांनी खाल्लं.

साहेबांचं बिऱ्हाड शहापुरात होतं. बायको निपाणीची, तंबाखूच्या व्यापाऱ्याची थोरली लेक. मी त्यांना वहिनी म्हणायचो. मोठा आवाज, मोठं हसणं, आणि तोंडाला क्षणाची विश्रांती नाही. वहिनी भाकरी थापता थापता अख्ख्या निपाणीचा उद्धार करतायत आणि साहेब खाली मान घालून जेवतायत, मधूनच मिशीत हसतायत, असं ते घर. खरं सांगतो, मला त्या घराचा हेवा वाटायचा. माझ्या घरी मीच बोलायचो आणि कुणी ऐकायचं नाही.

पण लागलेली जाळी सोडून घरी जायचं कसं? आधी साहेबांचं दुपारचं घरचं जेवण बंद झालं, शेडवर डबा यायला लागला. मग सोमवारी दोघं देवळाला जायची, ते थांबलं. मग रोज झोपायला घरी जायचे, ते कधीमधी जायला लागले. वहिनी कुरकुरल्या, भांडल्या, पण बोलत राहिल्या आणि हसत राहिल्या. “तुमच्या सायबांनी सवत केलीया, भावजी,” मला म्हणायच्या, “चांदीची. वर काठपदराची!”

त्यांच्या पाठच्या बहिणीचं निपाणीला लग्न निघालं. वहिनी आधी गेल्या. साहेब लग्नाच्या दिवशी सकाळच्या मोटारीनं येतो म्हणाले. आता थोरला जावई म्हणजे मांडवातला मानकरी. नवरदेवाच्या खालोखाल लोक त्याला शोधतात. त्या सकाळी साहेबांनी डोक्याला फेटासुद्धा बांधला. पण जाळी अशा काही बारीक हवेवर आली होती की तशी पूर्वी कधी आली नव्हती. “अजून केसभर,” म्हणत ते फेट्यासकट चावीपाशी बसले, ते बसलेच. मोटार गेली. मी दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा मला पंजा मिळाला.

वहिनी त्यानंतर निपाणीहून आल्या नाहीत.

आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. माहेरी राहिलेली लेक आपल्या पायानं परत येत नाही; सासरचं कुणीतरी न्यायला जावं लागतं. त्यातून रुसून राहिली असेल तर घरातलं वडीलधारं माणूस जातं. जावई स्वतः जात नाही, त्यात त्याची मान खाली होते. साहेबांच्या घरी वडीलधारं कुणी उरलं नव्हतं. त्यांनी एक दिवस पाठमोऱ्यानंच मला विचारलं, “तुम्ही जाऊन याल का? बोलायचंच तर आहे.”

मी गेलो. लढाईमुळं पेट्रोल मिळत नव्हतं, मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. म्हणजे चढ आला की उतारूंनी उतरून चालायचं. तवंदीच्या घाटात आम्ही मोटारीला पोचवायला आल्यासारखे तिच्यामागनं चालत होतो. वाटेत मी भाषण जुळवलं. असं भाषण की दगडाला पाझर फुटावा.

वहिनींच्या माहेरी पुढच्या अंगाला तंबाखूची वखार आणि मागं घर. मी सोप्यावर बसलो, तोंड उघडलं, आणि आली शिंक. निपाणीच्या हवेतच तंबाखू, त्यात मी वखारीत. शिंकेवर शिंक. समोर सासरे बसलेले, त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला वाटलं, बोलायच्या आधीच म्हातारा विरघळला. मग त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत विचारलं, “कापडास्नी कसला वास मारतुय हो तुमच्या?” असे आम्ही दोघं, एक रडतोय आणि एक शिंकतोय. भाषण राहिलं बाजूला.

वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या.

“तुमास्नी धाडलंय?”

“व्हय, वहिनी.”

“बोलाय?”

“व्हय.”

“आन् ते कुटं हायत?”

“जाळी लागलीया...”

“मग ऱ्हाऊ दे लागल्याली.” मग म्हणाल्या, “मांडवात समदी इचारत हुती, थोरलं जावई कुटं? मी सकाळधरनं येत्यात, येत्यात म्हनत हुते. अक्षता पडल्या तरी येत्यातच म्हनले. मग पंगत उठताना एकदम वाटलं, आता म्हनायचं न्हाय.”

हे त्यांनी इतक्या हळू सांगितलं की शिंका आवरून ऐकावं लागलं. वहिनींचा हळू आवाज मी पहिल्यांदा ऐकत होतो. शिव्या दिल्या असत्या तर मी खुशीत परतलो असतो.

शेडवर आलो तर साहेब पाठमोरे. मी सगळं सांगितलं. त्या दिवशी ते वळले.

“ओरडली का?”

“न्हाय, साहेब.”

“थोडंसुद्धा?”

“न्हाय.”

त्यांनी अभ्रकाच्या खिडकीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. “मी केसभर केसभरच कमी करत होतो हो,” म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरले. आमच्या शेडमध्ये सगळ्यांचे डोळे बारमाही ओले असायचे, त्यामुळं कुणाचं लक्ष गेलं नाही. माझं गेलं.

पुढं काही दिवस त्यांनी मोटारवाल्याबरोबर वस्तू धाडल्या. खव्याच्या कुंद्याचा डबा धाडला, तो तसाच परत आला. आप्पांच्या दुकानातली इरकल साडी धाडली, घडी न मोडता परत आली. याच कुंद्याच्या डब्यावर वहिनी पूर्वी महिनाभर खुशीत असायच्या. परत आलेला डबा साहेब कितीतरी वेळ हातात धरून बसले होते. “खूण तीच आहे,” एवढंच म्हणाले.

त्याच सुमारास कॅम्पातून निरोप आला, एक कप्तान कारखाना बघायला येणार. त्याला पसंत पडलं तर मिलिटरीच्या सगळ्या दवाखान्यांना माल आमच्याकडून जाणार होता. आप्पांनी शेडला तोरण बांधलं, मला कोट शिवला. ठरल्या दिवशी कप्तान आला, डोळ्यांना रुमाल लावूनच आत शिरला. जाळी लाल. पंजा वर होईल म्हणून आम्ही सवयीनं उंबऱ्यावर थांबलो.

पंजा वर झाला नाही. साहेब वळले, कप्तानाला नमस्कार केला, हात चावीवर ठेवला आणि ती सरळ बंद केली. केसभर नाही, पुरती बंद. जाळी काळी पडली. मग अंगावरचा डागाळलेला झगा काढून खुंटीला अडकवला आणि ते बाहेर पडले.

आप्पा मागं धावले. “मास्तर, कुटं?”

“निपाणीला.”

“अवो, उद्या जावा की! आज कॅम्पाचा साहेब आलाय!”

“उद्या गेलो तर ते केसभर होईल, आप्पा,” ते म्हणाले आणि मोटारीच्या वाटेला लागले.

आत कप्तान जाळीकडं बघत उभा. मी माझ्या इंग्रजीत त्याला समजावलं की आमच्याकडं पाहुण्यांना आधी विझवून दाखवतात, मग लावून दाखवतात. “लावा,” तो म्हणाला. आप्पांनी देवाचं नाव घेऊन चावी हळदकुंकवाच्या खुणेवर आणली. मी दिवा धरला. जाळी काळी. “मास्तर लई फुडं न्हेत हुतं,” आप्पा पुटपुटले आणि त्यांनी चावी पार टोकाला नेली. जाळी लागली! लाल झाली, केशरी झाली, डोळे दिपतील अशी पांढरी झाली, आणि मग तिचे थेंब व्हायला लागले. कप्तान रुमालामागून काहीतरी म्हणाला आणि निघून गेला. नळा निवल्यावर उघडून बघितलं तर आत चांदीच्या चार गुंजा आणि रुईफुलाच्या काठाचा एक तुकडा.

निपाणीची बातमी मोटारवाल्यांनी आणली. साहेब तशाच कळकट कपड्यांत भर बाजाराच्या दिवशी वखारीत शिरले होते. अडते, हमाल, गिऱ्हाईक सगळे हजर. सासऱ्यांना म्हणाले, “मामा, न्यायला आलो नाही. राहायला आलोय.” आता आपल्याकडं घरजावई होण्यापरीस माणूस विहीर जवळ करतो. बी.एस्सी. झालेला थोरला जावई सासऱ्याच्या वखारीत हमालांबरोबर बसून तंबाखूची पानं चाळतोय, याचं गावभर हसं झालं. पोरंसुद्धा वाकुल्या दाखवायची म्हणे. साहेब पानं चाळत राहिले. आणि वहिनी त्यांच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. ताट आणून ठेवायच्या आणि आत जायच्या.

इकडं आप्पा जमिनीवर आले होते. त्यांनी कॅम्पात हातापाया पडून आणखी एक तारीख मिळवली. म्हाताऱ्या विणकराला बसवून दुसरी जाळी विणून घेतली. कुणी अडवायला नव्हतं, तेव्हा त्यानं या खेपेला दोन्ही बाजूंना काठ घातले. आप्पांनी जाळीची वळकटी माझ्या हातात दिली. “जा, घिऊन ये त्यास्नी. काय बी बोल, पन आन.”

म्हणजे वहिनींना न्यायला मी, आणि साहेबांना न्यायलाही मीच. या खेपेला मी धुतलेला कोट घातला आणि नाकाला उपरणं बांधलं.

दुपारची वेळ होती. साहेब सोप्यावर, स्वयंपाकघराच्या दाराकडं तोंड करून, मांडीवर सूप घेऊन पानं निवडत होते. माझ्याकडं पाठ. वाळले होते, दाढी वाढली होती. मी जाळी उलगडून त्यांच्या शेजारी ठेवली. त्यांनी काठावरून बोट फिरवलं, आणि पुन्हा सुपात घातलं. सासरे तराजूपाशी कान टवकारून बसले होते. मी खाकरलो आणि जुळवून आणलेलं भाषण सुरू केलं. आप्पांची अवस्था सांगितली, कप्तानाची सांगितली, आणि शेवटी गळा भरून म्हणालो, “साहेब, तिथं तुमच्याबिगर कोन हाय हो?”

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला.

“आन् हितं कोन हाय?”

साहेबांचे हात सुपातच थांबले.

“हितं कोन हुतं इतकी वरसं? डबा धाडायचा, आन् रिकामा डबा मोजून घ्यायचा! सोमवार गेलं, सन गेलं, मानसं इचारायची, तुजं मालक गावाला गेल्यात व्हय गं? गावाला न्हाईत, वडगावात हायत, म्हनायची चोरी! भनीच्या लग्नात मला उभं केलंसा जत्रंतल्या चुकल्या पोरागत! आन् आता ऱ्हायला आल्यात! कुनी बलिवलं हुतं? पानं तरी धड निवडता येत्यात का?”

वहिनी दारात आल्या होत्या. हातात उलथनं, डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि आवाज असा की तराजूपाशी उभा असलेला हमाल पोतं टाकून मागं सरला. सगळं बाहेर येत होतं, कुंदा, इरकल, फेटा, चांदीची सवत. सासऱ्यांनी घाबरून माझ्याकडं बघितलं. अशा वेळी मध्ये पडून चार गोड शब्द बोलायचे, हे तर माझं कामच. मी पुढं झालो. “वहिनी, जरा माझं ऐका...”

साहेबांनी मागं वळून न बघता उजवा पंजा वर केला.

“थांबा,” ते म्हणाले. “लागलंय.”

मी तोंड मिटलं, जाळीची वळकटी बगलेत मारली आणि पाय न वाजवता उंबरा उतरलो.